धर्मगुरूंचे सात दिवस आणि आपण

‘फादरांना काय, रविवारी मिस्सा झाली की आठवडा मोकळा!’ असे उद्गार आपल्या धर्मग्रामांतून अधूनमधून कानी पडतात. बोलणाऱ्याच्या मनात कटुता नसते. थट्टेच्या ओघात तो बोलून जातो. पण त्याच घरातील माणसे बुधवारी बाप्तिस्म्याच्या दाखल्यासाठी, गुरुवारी शाळेच्या प्रवेशासाठी आणि शनिवारी मध्यरात्री अत्यवस्थ आजोबांच्या अभ्यंगासाठी त्याच फादरांच्या दारी उभी असतात. फादर भेटले नाहीत, तर ‘फादर कधी जागेवर सापडत नाहीत’ अशी तक्रारही हीच माणसे करतात. रिकामा आठवडा आणि न सापडणारे फादर या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा असू शकतील, याचा विचार मात्र सहसा कोणी करीत नाही.

या लेखात शहरातील धर्मगुरूंच्या एका आठवड्याकडे आम्ही इतिहासाच्या अंगाने पाहणार आहोत. आमच्या नजरेसमोर मराठवाड्याचे प्रमुख शहर, पूर्वीचे औरंगाबाद आणि आजचे छत्रपती संभाजीनगर, आहे. कोणा एका फादरांची दैनंदिनी आम्ही येथे उघडीत नाही. अशा शहरात धर्मगुरूंच्या वाट्याला जी कामे येतात, त्यांतील प्रत्येकाचे मूळ कोठे आहे आणि ही सारी कामे एकाच माणसाच्या खांद्यावर कशी येऊन पडली, एवढेच आम्हांला शोधावयाचे आहे. हा शोध घेतला म्हणजे एक गोष्ट ध्यानी येते. ज्या परंपरेतून मराठवाड्याची ख्रिस्तसभा उभी राहिली, त्या परंपरेत सारे काही एकट्या धर्मगुरूंनी करावे अशी रीत नव्हतीच.

वाटसरूंची वस्ती

‘पॅरिश’ या शब्दाचे मूळ ग्रीक भाषेतील ‘पारोइकिया’ या शब्दात आहे. परक्या ठिकाणी वस्तीला राहिलेल्या लोकांचा समूह, असा त्याचा अर्थ. या जगात आपण वाटसरू आहोत अशी धारणा असलेल्या आरंभीच्या ख्रिस्ती लोकांनी तो शब्द स्वतःला लावून घेतला. मराठीत आपण ‘धर्मग्राम’ म्हणतो. या शब्दात गाव आहे, शेजार आहे, एकमेकांना पिढ्यान्‌पिढ्या ओळखणारी माणसे आहेत. शहरातल्या धर्मग्रामाला मात्र जुना ग्रीक शब्दच अधिक शोभतो, कारण तेथे जमलेले बहुतेक जण कोठून तरी आलेले असतात.

छत्रपती संभाजीनगरचा इतिहासच येणाऱ्यांचा आहे. १६१० साली मलिक अंबरने खडकी येथे हे नगर वसविले. १६५३ साली दख्खनचा सुभेदार म्हणून आलेल्या औरंगजेबाने त्याला आपले नाव दिले. पुढे निजामाच्या राजवटीत येथे छावणी झाली. सप्टेंबर १९४८ मध्ये निजामाचे राज्य संपले, १९५६ साली मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० साली महाराष्ट्रात आला. २०२३ साली शहराला आजचे नाव मिळाले.

ख्रिस्ती उपासनेचा आणि या शहराचा संबंध जुना आहे. चर्च मिशनरी सोसायटीचे रेव्ह. रतनजी नौरोजी हे मूळचे पारशी गृहस्थ एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात येथे प्रदीर्घ काळ सेवा करीत होते. कॅथलिक सेवेचा ओघ आला तो नागपूरकडून. फ्रान्समधील आनेसी येथे फादर पिएर-मारी मेर्मिए यांनी १८३८ साली संत फ्रान्सिस द सेल्स यांच्या नावाने एक मिशनरी संघ स्थापिला होता. त्याचे सभासद, ज्यांना आपण फ्रान्सलियन म्हणतो, १८४५ साली भारतात आले. १८८७ साली नागपूर धर्मप्रांत निर्माण झाला आणि त्याचे पहिले बिशप आलेक्सी रिकाझ हे याच संघाचे होते. या मिशनऱ्यांनी शतकाच्या अखेरच्या दशकात घोगरगावच्या परिसरात आपले केंद्र उभारले. फादर गुरियन जाकीए या फ्रेंच धर्मगुरूंचे नाव त्या भागाशी कायमचे जोडले गेले आहे. पुढे १९५५ साली अमरावती धर्मप्रांत झाला, आणि १७ डिसेंबर १९७७ रोजी त्यातून औरंगाबाद धर्मप्रांत वेगळा झाला. बिशप डॉमिनिक आब्रेव हे त्याचे पहिले बिशप होत.

म्हणजे येथील कॅथलिक समाजाचे मूळ खेड्यात आहे, आणि शहर त्याला नंतर भेटले. १९७२ च्या दुष्काळाने पुष्कळांना शहराची वाट दाखविली. चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीने आणि त्यानंतर वाळूजने आणखी पुष्कळांना बोलावून घेतले. वाळूज येथे बजाज ऑटोचा कारखाना १९८५ साली सुरू झाला. गंगापूर आणि वैजापूर तालुक्यांतील, गोदावरीपलीकडच्या नगर जिल्ह्यातील मराठी कुटुंबे, वसईकर, गोवेकर, मंगळूरकर, केरळीय आणि तमिळ कुटुंबे अशी नाना ठिकाणची माणसे एका वेदीभोवती जमू लागली. पाळीवर काम करणाऱ्या कामगाराचा रविवार प्रत्येक आठवड्यात वेगळा असतो. अशा विखुरलेल्या समाजाची सेवा करताना धर्मगुरूंचा आठवडा कसा भरत जातो, ते आता पाहू.

रविवार

रविवार हा धर्मगुरूंच्या आठवड्याचा पाया. पण शहरी धर्मग्रामात एका मिस्सेने भागत नाही. मराठी, इंग्रजी, कधी हिंदी, कधी मलयाळम अशा भाषांतून उपासना करावी लागते. एकाच शुभवर्तमानावर दोन-तीन भाषांत प्रवचन देणे म्हणजे एकच प्रवचन भाषांतरित करणे नव्हे. कारखान्यातील तरुणाला आणि खेड्यातून मुलाकडे राहावयास आलेल्या आजीबाईंना एकच दाखला पटेल असे नाही.

ही भाषांची सोय फार जुनी नाही. ४ डिसेंबर १९६३ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेविषयीचा दस्तऐवज संमत केला, तोवर मिस्सेची भाषा लॅटिन होती. प्रवचन, गीते आणि खासगी प्रार्थना तेवढ्या लोकभाषेत होत. लोकभाषेत प्रभूची कथा सांगण्याची ओढ मात्र आपल्याकडे जुनी. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली छापले गेले, हे वाचकांना ठाऊकच आहे. धर्मग्रामाच्या प्रमुखांवर आणखी एक बंधन असते, ते आपल्यापैकी अनेकांना माहीत नसेल. धर्मविधीनुसार त्यांनी प्रत्येक रविवारी आणि सक्तीच्या सणांना एक मिस्सा आपल्यावर सोपविलेल्या सर्व लोकांसाठी अर्पिली पाहिजे. त्या मिस्सेचे कोणी दान देत नाही आणि तिची वेगळी घोषणाही सहसा होत नाही. आपण चर्चमध्ये आलो अथवा न आलो, त्या मिस्सेत आपले स्मरण झालेले असते.

मिस्सेनंतर धर्मशिक्षणाचे वर्ग. पोप दहावे पायस यांनी १९०५ साली धर्मगुरूंना आदेश दिला, की रविवारी आणि सणाच्या दिवशी मुलांना तासभर धर्मशिक्षण द्यावे. पण त्याच्याही कितीतरी आधी, १५३६ साली, इटलीतील मिलान शहरात ख्रिस्ती तत्त्वांच्या शाळा सुरू झाल्या आणि त्यांत शिकविण्यास सामान्य स्त्री-पुरुष पुढे आले होते. हा धागा आपण पुढे पुन्हा हाती घेणार आहोत.

सोमवार ते शुक्रवार

सोमवार हा धर्मगुरूंच्या विसाव्याचा दिवस, अशी रूढी आहे. व्यवहारात त्या दिवशी कचेरीच्या दाराशी दाखले मागणाऱ्यांची रांग लागलेली असते. शाळेचा प्रवेश, वसतिगृह, नोकरी, लग्न, परदेशगमन, प्रत्येकाला बाप्तिस्म्याचा दाखला लागतो. या नोंदवह्यांचा जन्म ट्रेंट परिषदेत झाला. १५६३ साली तिने ठरविले, की विवाह धर्मग्रामाच्या धर्मगुरूंसमोर आणि साक्षीदारांसमक्ष व्हावा आणि त्याची नोंद ठेवावी. त्यामागे एक दुखणे होते. चोरून लग्ने लावली जात, पुढे पुरुष ती नाकारी, आणि बाईला दाद मागावयास पुरावा नसे. आज ज्या वहीला आपण कंटाळवाणा कारभार समजतो, ती परित्यक्तेच्या संरक्षणासाठीही जन्मास आली आहे.

या वहीचे काम किती नाजूक असते, तेही पाहू. एखाद्या तरुणाचा बाप्तिस्मा वैजापूर तालुक्यातील खेड्यात झालेला असतो आणि लग्न शहरात होते. लग्नाची खबर त्याच्या मूळच्या धर्मग्रामाकडे जाते आणि तेथे बाप्तिस्म्याच्या नोंदीशेजारी लिहिली जाते. १९०७ पासून हा नियम आहे. त्यामुळे आधीचे लग्न लपवून दुसरे लावणे अवघड होते. शहरातील एका विवाहामागे अशी किती पत्रे जातात आणि येतात, हे वऱ्हाडींना दिसत नाही.

मंगळवार-बुधवार शाळेचे. शाळा चालविणे हे धर्मगुरूंचे काम कसे झाले? निजामाच्या राज्यात सरकारी शिक्षणाचा कल उर्दूकडे होता. मराठी बोलणाऱ्या खेडुताच्या मुलाला, त्यातही गावकुसाबाहेरच्या मुलाला, शिक्षणाची दारे जवळजवळ बंदच होती. मिशनने शाळा काढल्या त्या या गरजेपोटी. आज परिस्थिती बदलली आहे. शाळांची संख्या वाढली, फी आली, शासनाचे नियम आले, इमारतींची दुरुस्ती, शिक्षकांच्या नेमणुका, न्यायालयीन तारखा आल्या. ज्या धर्मगुरूंकडे शाळेचीही जबाबदारी असते, त्यांचा आठवड्यातील मोठा वेळ आज फायलींत जातो. उन्हाळ्यात प्रवेशाचे दिवस आले, की धर्मग्रामातील प्रत्येक ओळखीचे रूपांतर शिफारशीच्या विनंतीत होते. ‘नाही’ म्हणताना त्यांची कोंडी होते. एक प्रवेश नाकारला, की एक कुटुंब दुरावते.

गुरुवार म्हणा वा कोणताही वार, आजारपण वेळ ठरवून येत नाही. शासकीय वैद्यकीय महाविद्यालय येथे १९५६ साली सुरू झाले. त्याचे रुग्णालय मराठवाड्यात ‘घाटी’ या नावाने ओळखले जाते. खेडोपाडीचा रुग्ण शेवटचा उपाय म्हणून घाटीत आणला जातो. त्याचे कुटुंब शहरात नवखे असते, आणि ओळखीचे म्हणून त्यांना फक्त चर्च ठाऊक असते. त्यामुळे शहरातील धर्मगुरूंना आपल्याच नव्हे, तर सबंध मराठवाड्यातील आजाऱ्यांच्या खाटेशी जावे लागते. अभ्यंग करावा, रक्ताची सोय पाहावी, मृत्यू झाल्यास गावी नेण्यासाठी गाडी मिळवावी, कधी नातलगांना जेवू घालावे, हे कोणत्याही वेळापत्रकात बसत नाही.

शुक्रवारी पहिला शुक्रवार असल्यास घरोघरच्या आजाऱ्यांना ख्रिस्तशरीर, उपवासकाळात क्रुसाची वाट, आणि एरवी समुपदेशन. नवरा पितो, सून माहेरी गेली, भावाभावांत घराच्या वाटणीवरून अबोला आहे, अशी गाऱ्हाणी घेऊन माणसे येतात. त्यांना तासभर ऐकणारा कोणी हवा असतो. बाहेरून पाहणाऱ्याला मात्र एवढेच दिसते, की फादर व्हरांड्यात कोणाशी तरी गप्पा मारीत बसले आहेत.

शनिवार, आणि जे राहून जाते

शनिवारी विवाहपूर्व मार्गदर्शन, गायकवृंदाचा सराव, पापनिवेदन आणि सायंकाळची मिस्सा. १२१५ सालच्या चौथ्या लॅटरन परिषदेने वर्षातून निदान एकदा पापनिवेदन करण्याचे बंधन घातले. धर्मगुरूंच्या जीवनात या संस्काराला केवढे स्थान असू शकते, हे संत जॉन व्हियानी यांनी दाखवून दिले. १८१८ साली फ्रान्समधील आर्स या सुमारे अडीचशे वस्तीच्या खेड्यात ते आले आणि १८५९ साली तेथेच वारले. पुढे पुढे दिवसाचे बारा-बारा तास आणि त्याहूनही अधिक वेळ ते पापनिवेदनाच्या कक्षात बसत. १९२९ साली ते धर्मग्रामाच्या धर्मगुरूंचे आश्रयदाते संत ठरले. त्यांची थोरवी सांगताना एक गोष्ट आपण बहुधा वगळतो. या संताने भार असह्य होऊन आर्स सोडून निघून जाण्याचा प्रयत्न केला होता, आणि तोही एकापेक्षा अधिक वेळा. संतालाही एकट्याने सारे पेलत नाही, हे त्यातून शिकण्यासारखे आहे.

सात दिवस असे भरतात. यात काय राहून जाते? गृहभेट. १६१४ सालच्या रोमी विधिग्रंथाने धर्मगुरूंना एक वेगळी वही ठेवावयास सांगितली होती. तीत प्रत्येक घरातील प्रत्येक माणसाची नोंद असे; त्याचा बाप्तिस्मा, दृढीकरण झाले आहे काय, तो ख्रिस्तशरीर घेतो काय. अशी वही कचेरीत बसून भरता येत नाही. तिच्यासाठी उंबरठ्यापाशी जावे लागते. १९८३ च्या धर्मविधिसंहितेतही धर्मगुरूंच्या कर्तव्यांत कुटुंबांना भेटी देणे, त्यांच्या चिंतांत आणि दुःखांत सहभागी होणे, आजारी, मरणोन्मुख, गरीब, एकाकी आणि परागंदा झालेल्यांचा विशेष शोध घेणे ही कामे स्पष्ट सांगितली आहेत.

ज्यांचे काम असते ती माणसे कचेरीत येतात. ज्यांनी चर्चला येणे सोडले, ती येत नाहीत. वाळूजच्या एका खोलीत पाळीवरून येऊन झोपलेला तरुण येत नाही. पोराने टाकलेली म्हातारी येत नाही. शंभरावी मेंढी कधी रांगेत उभी राहत नाही. म्हणून गृहभेट राहून गेली, की हानी नेमकी त्यांची होते ज्यांच्यासाठी धर्मगुरूंनी सर्वांत आधी जावे. आठवडा जितका कामांनी भरलेला, तितके शोधावयास जाणे मागे पडते. यात दोष कोणा एकाचा नाही. कामांची वाटणीच अशी झाली आहे, की दाराशी आलेले आधी आणि न आलेले कधीच नाही.

मास्तरांचा वारसा

आता आपण शहरातून खेड्याकडे, आणि आजच्या काळातून शंभर वर्षांपूर्वीच्या काळाकडे वळू. घोगरगावच्या परिसरातील मिशनरीला एका केंद्रातून कितीतरी गावे सांभाळावी लागत. रस्ते कच्चे, प्रवास घोड्यावर, बैलगाडीत नाहीतर पायी. पावसाळ्यात नद्या-ओढे वाट अडवीत. एका गावी फादरांचे पाऊल महिन्यातून वा त्याहूनही क्वचित पडे. मग उरलेले दिवस त्या गावात ख्रिस्तसभा कोण चालवी?

याचे उत्तर आपल्या आजोबा-पणजोबांना विचारावे लागले नसते. ‘मास्तर’ हे ते उत्तर. धर्मशिक्षक म्हणून नेमलेला हा गृहस्थ गावातच राही. सकाळी मुलांना अक्षरे शिकवी, संध्याकाळी दिवा लावून प्रार्थना घेई, रविवारी फादर नसताना लोकांना जमवी. मरणोन्मुख बालकाला बाप्तिस्मा देई, मृताला प्रार्थनेने मातीआड करी. अडाणी माणसाची पत्रे आणि अर्ज लिही. फादर आले म्हणजे कोण आजारी, कोणाचे भांडण, कोणाचे लग्न ठरले, कोण प्रार्थनेला येईनासा झाला, हे सारे तो त्यांना सांगे. त्याची पत्नी बायकांत तेच काम करी, जरी तिचे नाव क्वचितच कोठे लिहिले गेले. तुटपुंज्या पगारावर या जोडप्यांनी आपली श्रद्धा राखली.

गोदावरीच्या पलीकडे, तेव्हाच्या अहमदनगर आणि आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, जेझुइट धर्मगुरूंच्या मिशनचा आधारही हाच होता. पहिल्या महायुद्धात तेथील जर्मन जेझुइटांना इंग्रज सरकारने शत्रुराष्ट्राचे नागरिक म्हणून कामावरून दूर केले. उरलेल्या मोजक्या धर्मगुरूंच्या हाती एवढा विस्तीर्ण प्रदेश आला. मास्तरांवाचून तो सांभाळणे शक्यच नव्हते.

फ्रान्सलियन मिशनऱ्यांच्या बाबतीत ही पद्धत केवळ अडचणीतून आलेली नव्हती, असे आम्हांला वाटते. ज्या संताचे नाव त्यांनी घेतले, त्या संत फ्रान्सिस द सेल्स यांनी १६०९ साली भक्तिजीवनाची ओळख करून देणारा आपला प्रसिद्ध ग्रंथ लिहिला, तो मठवासीयांसाठी नव्हता. घरदार, व्यापार, शिपाईगिरी करणाऱ्या सामान्य संसारी माणसालाही पवित्रतेचे पाचारण आहे, असे त्यांनी त्यात आग्रहाने मांडले. प्रापंचिकांविषयीचा हा विश्वास चार शतकांपूर्वी आनेसीत रुजला आणि मराठवाड्याच्या काळ्या मातीत मास्तरांच्या रूपाने उगवला, असे म्हटल्यास वावगे ठरू नये.

मग शहरात आल्यावर काय झाले? खेड्यात मास्तरांच्या अंगणात वाढलेली मुले शिकली, नोकरीला लागली, शहरात आली. येथे चर्चची इमारत होती, कचेरी होती, आणि फादर तेथेच राहत होते. फादर जवळ आले आणि मास्तर नाहीसा झाला. जी कामे गावात दहा जण वाटून घेत, ती येथे एका दारावर जमा झाली. शिक्षणाने आपण अधिक समर्थ झालो, आणि चर्चच्या कामापुरते मात्र अधिक परावलंबी झालो. या विसंगतीकडे आपण फारसे पाहिलेले नाही.

यरुशलेमचा धडा

हा प्रश्न आपल्याच काळात उद्भवला आहे असे नाही. निर्गमाच्या पुस्तकात मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत लोकांचे तंटे सोडवीत बसलेला असतो. त्याचा सासरा इथ्रो ते पाहतो आणि त्याला बजावतो, की अशाने तूही झिजशील आणि लोकही झिजतील. विश्वासू माणसे निवड आणि काम वाटून दे. प्रेषितांच्या कृत्यांत यरुशलेमच्या मंडळीतही तोच पेच येतो. ग्रीक भाषिक विधवांना रोजच्या अन्नवाटपात डावलले जाते, तक्रार उठते. प्रेषित स्वतः वाढण्यास उभे राहत नाहीत आणि तक्रार दडपतही नाहीत. ते मंडळीला सात माणसे निवडावयास सांगतात, आणि स्वतः प्रार्थना व वचनाची सेवा यांना वाहून घेतात. त्या सातांतूनच स्तेफन हा पहिला रक्तसाक्षी आणि फिलिप हा शुभवर्तमानाचा प्रचारक पुढे आला. काम वाटले गेले म्हणून नवी माणसे उभी राहिली, हे या कथेचे मर्म आहे.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १८ नोव्हेंबर १९६५ रोजी प्रापंचिकांच्या प्रेषितकार्यावर स्वतंत्र दस्तऐवज दिला. १९७३ साली प्रापंचिकांना आजाऱ्यांच्या घरी ख्रिस्तशरीर नेण्याची वाट मोकळी झाली. १९८३ च्या संहितेने प्रत्येक धर्मग्रामात आर्थिक समिती असणे आवश्यक ठरविले. आणि १० मे २०२१ रोजी पोप फ्रान्सिस यांनी धर्मशिक्षकाच्या सेवेला ख्रिस्तसभेत विधिवत स्थान दिले. मराठवाड्याच्या दृष्टीने हा निर्णय मोलाचा आहे. आपले मास्तर ज्या पदावर आयुष्यभर उभे होते, त्याचा तो सन्मान होय.

आपले काम कोणते?

धर्मगुरूंशिवाय जे होऊच शकत नाही ते थोडे आहे, पण ते सर्वांत मोलाचे आहे: मिस्साबलिदान, पापनिवेदन, आजाऱ्यांचा अभ्यंग, आणि कळपाचा मेंढपाळ या नात्याने दिलेली भेट. बाकी पुष्कळसे आपण करू शकतो. निवृत्त झालेला कारकून दाखल्यांचे अर्ज तपासून ठेवू शकतो. सही तेवढी फादरांची. हिशेबनीस हिशेब पाहू शकतो. शिक्षिका धर्मशिक्षणाचा वर्ग घेऊ शकते. परिचारिका घाटीत आलेल्या गावाकडच्या रुग्णाची पहिली विचारपूस करू शकते. प्रत्येक वस्तीतील एखादे कुटुंब आपल्या गल्लीची वही मनात ठेवू शकते: कोण आजारी आहे, कोण नवे आले आहे, कोण येईनासे झाले आहे. ही शेवटची गोष्ट म्हणजे जुन्या मास्तरांचेच काम. ती झाली, तर धर्मगुरूंना कोणत्या दाराशी आधी जावयाचे, हे कळेल.

यात धर्मगुरूंनीही काही सोडावे लागते. किल्ली दुसऱ्याच्या हाती देणे सोपे नसते, आणि घेणाऱ्याने ती मानासाठी घेतली तर समित्यांत भांडणे होतात, हेही आपण पाहतो. मास्तरांच्या वेळीही मान-अपमान होतेच. पण फादर महिन्याने येणार, आणि तोवर गावातल्या म्हातारीला पाणी आणि प्रार्थना कोणीतरी द्यावयाची आहे, या जाणिवेपुढे ते फार काळ टिकत नसत.

‘गाव करी ते राव न करी’ अशी आपल्याकडे म्हण आहे. शहरात धर्मग्राम आहे, पण त्यातील ग्राम हरवत चालले आहे. ते पुन्हा उभे करणे धर्मगुरूंच्या आठवड्यात बसणारे काम नाही. ते आपल्या प्रत्येकाच्या आठवड्यातील एका संध्याकाळचे काम आहे. येत्या रविवारी मिस्सेनंतर फादरांपाशी जाताना आपण आपली मागणी घेऊन जाऊच. त्याबरोबर ‘फादर, यातले कोणते काम मी करू?’ एवढे विचारले, तरी त्यांच्या आठवड्यातील एक घटका मोकळी होईल. त्या घटकेत ते ज्या घरी जातील, त्या घराने कदाचित फार वर्षांत धर्मगुरू पाहिलेला नसेल.